टोटल लॉस : भरपाईचा सौदा नेमका होतो कुठे?

(खास प्रतिनिधी)

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावरून क्रेनने ओढून आणलेली मोटार सर्व्हिस सेंटरच्या मागच्या आवारात उभी राहते, तेव्हा पहिले दोन-चार दिवस मालकाच्या मनात एकच भावना असते. गाडी गेली, पण माणसे वाचली. आठवडाभराने विमा कंपनीकडून दूरध्वनी येतो आणि त्या समाधानाची जागा हिशेब घेतो. गाडी 'टोटल लॉस'मध्ये धरायची की दुरुस्त करायची? टोटल लॉस धरली तर भंगाराचे काय? 'कॅश लॉस' घेऊन प्रकरण लगेच मिटवता का? समोरचा आवाज अत्यंत सौजन्याने विचारत असतो आणि उत्तर मात्र त्याला संध्याकाळपर्यंत हवे असते.

विमा हा करार आहे. घासाघीस भाजीबाजारात चालते, करारात कशी, असा प्रश्न सुशिक्षित शहरी ग्राहकाला पडतो. वास्तविक ही घासाघीस थांबावी म्हणूनच दोन दशकांपूर्वी नियम बदलण्यात आले होते. ती थांबली नाही; तिने केवळ जागा बदलली. ती जागा कोणती, हे बहुतेकांना गाडीचा चक्काचूर झाल्यावरच कळते.

किमतीचा वाद २००२ मध्ये मिटला, पण...

मोटार विम्याचे नवे दरपत्रक १ जुलै २००२ पासून लागू झाले. त्यापूर्वी गाडी पूर्ण नष्ट झाल्यास अपघाताच्या दिवशी तिची बाजारातील किंमत किती होती, यावर भरपाई ठरे. बाजारभावाला एकच आकडा नसतो. मालक वरचा सांगे, कंपनी खालचा धरी आणि सौदा मध्ये कुठेतरी तुटे. नव्या दरपत्रकाने 'इन्शुअर्ड्स डिक्लेअर्ड व्हॅल्यू' म्हणजेच 'आयडीव्ही' ही संकल्पना आणली. उत्पादकाने जाहीर केलेल्या विक्री किमतीतून गाडीच्या वयानुसार घसारा वजा करायचा आणि उरलेली रक्कम पॉलिसीवर छापायची. गाडी सहा महिन्यांच्या आतली असल्यास ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के, असा हा तक्ता आहे. त्यापुढच्या गाड्यांची किंमत कंपनी आणि ग्राहकाने परस्परसंमतीने ठरवायची असते. नोंदणीचा खर्च आणि रस्ता कर या हिशेबात धरला जात नाही. साहजिकच 'ऑन रोड' किंमत डोक्यात ठेवून बसलेल्या मालकाला पहिला धक्का येथेच बसतो.

या तक्त्याबरोबर आलेली एक ओळ ग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. टोटल लॉसच्या दाव्यात आयडीव्ही हीच संपूर्ण पॉलिसी वर्षासाठी गाडीची बाजारातील किंमत मानायची आणि तीतून पुन्हा घसारा कापायचा नाही, असे ती सांगते. म्हणजे अपघात पॉलिसीच्या दुसऱ्या महिन्यात होवो की अकराव्या, आकडा तोच. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मधील एका निकालात या वृत्तीवर नेमके बोट ठेवले. हप्ता घेताना स्वतःच मान्य केलेली किंमत दावा येताच नाकारणे कंपनीला शोभत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तरीही 'अहो, सेकंडहँड बाजारात या मॉडेलला आज इतके कोण देतो?' हे वाक्य ऐकलेले दावेदार आजही भेटतात. पाच वर्षांच्या आतील गाडीच्या बाबतीत तरी या वाक्याला करारात काहीही आधार नाही.

किंमत अशी बांधली गेल्यावर वाद मिटायला हवा होता. तो सरकला ७५ टक्क्यांच्या रेषेवर.

पाच हजारांच्या अलीकडे-पलीकडे

गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस' समजली जाते. नियम ऐकायला सोपा आहे. खोच त्यातील 'पॉलिसीच्या अटी-शर्तींना अधीन राहून' या शब्दांत आहे. वर्कशॉपने दिलेला अंदाजखर्च यात चालत नाही. कंपनीला प्रत्यक्ष देय असलेला, म्हणजे घसारा कापून उरलेला खर्च पाहिला जातो. एका काल्पनिक पण अगदी नेहमीच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

आठ लाख रुपये किमतीची, साडेतीन वर्षे वयाची मोटार घेऊ. ४० टक्के घसाऱ्यानंतर तिची आयडीव्ही होते ४ लाख ८० हजार. तिचे ७५ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार. समोरून जोरदार धडक बसली, एअरबॅग उघडल्या आणि वर्कशॉपने ४ लाख ६० हजारांचा अंदाज दिला. मालकाला वाटते, प्रश्नच नाही, टोटल लॉस. आता सर्व्हेअर कागद हाती घेतो. प्लॅस्टिक व रबराचे भाग आणि एअरबॅग मिळून ९० हजार. त्यावर निम्मा घसारा, ४५ हजार गेले. पत्र्याचे व धातूचे भाग २ लाख २० हजारांचे. या वयाच्या गाडीला त्यावर २५ टक्के, म्हणजे ५५ हजार गेले. रंगकाम ४० हजारांचे. त्यातील पाव हिस्सा रंगद्रव्याचा धरून त्याचे निम्मे, ५ हजार गेले. काचांचे १० हजार आणि मजुरीचे एक लाख पूर्ण मंजूर. एकूण कपात १ लाख ५ हजार. कंपनीचे देणे ३ लाख ५५ हजार. रेषेपासून केवळ पाच हजार अलीकडे.

परिणामी ही गाडी टोटल लॉस नाही, दुरुस्तीयोग्य आहे. मालकाने पदरचे एक लाखाहून अधिक रुपये घालायचे, दोन-तीन महिने वाट पाहायची आणि शेवटी चॅसिसपर्यंत ठोकून सरळ केलेली गाडी घरी न्यायची. कायद्याने तो तक्रारही करू शकत नाही, कारण गाडी दुरुस्त करून द्यायची, बदलून द्यायची की नुकसानीची रक्कम द्यायची, हा पर्याय पॉलिसीने कंपनीच्या हाती ठेवलेला आहे.

हाच अपघात 'झिरो डेप' म्हणून ओळखले जाणारे जोडसंरक्षण असलेल्या गाडीला झाला असता, तर सुट्या भागांवरचा घसारा कापला गेला नसता. खर्च ४ लाख ६० हजारच राहिला असता आणि गाडी निर्विवाद रेषेपलीकडे गेली असती. झिरो डेपचा उपयोग बंपर बदलण्यापुरता, अशी समजूत असणाऱ्यांनी ही बेरीज पुन्हा एकदा पाहावी. जोडसंरक्षण नसलेल्यांसाठीही मार्ग अगदीच बंद नसतो. मोडलेल्या गाडीचे निम्मे नुकसान ती खोलल्याशिवाय दिसत नाही. बॉनेटच्या खाली वाकलेला क्रॉस मेंबर, तडकलेले गिअरबॉक्सचे आवरण, वायरिंगचा जळालेला जुडगा यांची भर पहिल्या अंदाजात क्वचितच असते. आपल्या उदाहरणात दहा हजारांची मजुरी वाढली तरी निकाल फिरतो. म्हणूनच गाडी खोलल्यानंतरचा पुरवणी अंदाज सर्व्हेअरला दाखवून तो नोंदवून घेणे, ही या सबंध प्रकरणातील सर्वांत फलदायी खटपट ठरते. आश्चर्य म्हणजे तीच सर्वांत कमी लोक करतात.

पुरात बुडालेल्या गाड्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईकरांनी हा अनुभव प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर घेतला. त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि जुलै २०२४ मध्ये पुण्याचा सिंहगड रस्ता परिसर अशी ही मालिका लांबत गेली. पाणी डॅशबोर्डच्या वर गेले, की आजच्या गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जवळजवळ संपते आणि टोटल लॉसचा मुद्दा सहसा वादाचा राहत नाही. वाद होतो तो सीटपर्यंत पाणी आलेल्या गाड्यांचा. त्यात मालकाने पाणी ओसरताच 'बघू तरी' म्हणून किल्ली फिरवलेली असेल, तर इंजिनाचे नुकसान पुराने नव्हे, तर त्या किल्लीने झाले, असे म्हणायला कंपनीला वाव मिळतो. इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसल्यास हा मोठा खर्च हिशेबातूनच गळतो आणि गाडी पुन्हा रेषेच्या अलीकडे येते.

भंगाराला भाव, मालकाला नाही

आता नाण्याची दुसरी बाजू. कंपन्या नेहमी टोटल लॉस टाळतातच असे नाही. कित्येकदा त्यांनाच तो हवा असतो. आपल्याच उदाहरणात मोडक्या गाडीला भंगार व्यापाऱ्याने १ लाख ८० हजारांचा भाव दिला, असे समजू. दुरुस्ती केली तर कंपनीचे जाणार ३ लाख ५५ हजार. टोटल लॉस धरून भंगाराची किंमत वजा केली, तर ३ लाखच. अशा वेळी कालपर्यंत दुरुस्तीचा आग्रह धरणारा अधिकारी आज 'सर, कशाला ठोकलेली गाडी वापरता?' असे आपुलकीने विचारू लागतो.

पॉलिसीच्या छापील मजकुरात टोटल लॉसची भरपाई 'आयडीव्ही वजा भंगाराची किंमत' अशी दिलेली आहे. या चार शब्दांवर एक स्वतंत्र बाजार उभा आहे. कंपनीच्या यादीतील खरेदीदार ऑनलाइन लिलावात बोली लावतात. सर्वांत मोठी बोली मालकाला कळवली जाते. तेवढी रक्कम वजा करून उरलेली कंपनी देते आणि बोलीची रक्कम मालकाने त्या खरेदीदाराकडून थेट घ्यायची असते. बोलीला मुदत असते. कागदपत्रांत चार आठवडे गेले आणि बोली उलटली, तर कंपनीने वजा केलेला आकडा तसाच राहतो. खरेदीदार मात्र नव्याने, अर्थातच कमी भावाने बोलू लागतो. मधला फरक कोणी सोसायचा, हे आधी लेखी ठरलेले नसेल, तर तो मालकाच्या माथी बसतो.

या ठिकाणी नियामकाने अलीकडे मोठा हस्तक्षेप केला. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने ११ जून २०२४ रोजी साधारण विम्याबाबत जे सर्वंकष परिपत्रक काढले, त्यात किरकोळ ग्राहकाला भंगाराची विल्हेवाट लावायला सांगू नये, ते ताब्यात घेण्याची जबाबदारी कंपनीचीच, अशी भूमिका घेण्यात आली आहे. सरळ अर्थ असा, की ग्राहकाने गाडी आणि कागद सोपवावेत आणि पूर्ण आयडीव्ही घ्यावी. परंतु परिपत्रक निघणे आणि सर्व्हिस सेंटरच्या आवारात ते पोहोचणे यांत बरेच अंतर असते. तेथे आजही 'भंगार तुमच्याकडे ठेवा, आमचा माणूस उचलेल' हा प्रस्ताव आधी येतो. ज्याला गाडी स्वतःच ठेवायची आहे, त्याने तो खुशाल स्वीकारावा. ज्याला नको, त्याने परिपत्रकाच्या तारखेसह एक साधे ई-मेल पाठवले तरी संभाषणाची भाषा बदलते.

सर्व्हेअर कोणाचा?

या साऱ्या आकडेमोडीच्या मध्यभागी सर्व्हेअर उभा असतो. मोटारीचे ५० हजारांहून अधिक नुकसान असल्यास परवानाधारक सर्व्हेअरकडून पाहणी बंधनकारक आहे. त्याचा परवाना नियामक देतो, निष्पक्ष राहण्याचे बंधनही नियमच घालतात. फी मात्र विमा कंपनी देते आणि पुढचे काम कोणाला द्यायचे, हेही तीच ठरवते. खाल्ल्या मिठाला जागण्याची आपल्याकडची रीत पाहता ही रचना ग्राहकाला आश्वस्त करणारी नाही. अर्थात सर्व्हेअरांचीही एक बाजू आहे. अंदाजखर्च फुगवून देण्यात वर्कशॉप मागे नसतात. न फुटलेला हेडलॅम्प आणि जुनाच ओरखडा अपघाताच्या यादीत घुसडलेला त्यांना रोज दिसतो. ग्राहक ज्या वर्कशॉपला आपला मित्र समजतो, त्याचे हितही शेवटी दुरुस्तीच्या बिलातच असते. गाडी टोटल लॉस झाली, की गाडी खोलण्याचे आणि जागेचे भाडे म्हणून रोजचे काही रुपये हाच मित्र मालकाकडे मागतो आणि विमा कंपनी ते देत नाही. टोइंगचेही तसेच. मूळ पॉलिसीत खासगी मोटारीसाठी त्याची मर्यादा दीड हजार रुपयांची आहे. घाटातून क्रेन बोलावलेल्या कोणालाही या रकमेचे हसू येईल.

सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. अहवालाला महत्त्व आहे, पण तो अंतिम नाही आणि सबळ कारण असल्यास त्यापासून दूर जाता येते. मात्र ज्याने अहवाल पाहिलाच नाही, तो त्याला आव्हान कशाचे देणार? अहवालाची प्रत मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तोंडी सांगितलेल्या आकड्यावर वाद घालणारा ग्राहक हरतो. अहवालातील अमुक ओळीत मजुरीचा दर कमी धरला, अमुक भाग बदलण्याऐवजी दुरुस्त दाखवला, असे लिहून देणाऱ्याला उत्तर द्यावेच लागते.

वेळेचा खेळ

कंपनीपाशी वेळ असतो, ग्राहकापाशी नसतो. त्याला रोज रिक्षाने कार्यालयात जायचे असते, गाडीच्या कर्जाचा हप्ता तर न चुकता कापला जात असतो. 'आत्ता अडीच लाख घ्या आणि मोकळे व्हा' हा कॅश लॉसचा प्रस्ताव नेमका याच सुमारास, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. २०२४ च्या सुधारित नियमांनी येथेही मुदती आवळल्या. सर्व्हेअरने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा, असे आता अपेक्षित आहे. पूर्वी या दोन टप्प्यांना प्रत्येकी महिना मिळत असे. कागदपत्रे अपुरी, या एवढ्याच कारणावरून दावा फेटाळण्यासही मनाई झाली आहे.

पैसे मिळण्यापूर्वी सही मागितल्या जाणाऱ्या 'डिस्चार्ज व्हाउचर'विषयी अकारण भीती आहे. 'पूर्ण व अंतिम' या शब्दांखाली सही केली, की सर्व संपले, असे ग्राहक मानतो आणि कंपनीचा माणूसही त्याला तसेच मानू देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितले आहे, की केवळ सही केली म्हणून ग्राहकाचा हक्क बुडत नाही. ती दबावाने वा फसवणुकीने घेतली असल्याचे मात्र त्याला दाखवून द्यावे लागते. सप्टेंबर २०१५ मध्ये नियामकानेही कंपन्यांना या व्हाउचरचा ढालीसारखा वापर करू नये, असे बजावले. तरीही रक्कम मान्य नसताना सही करण्याची वेळ आलीच, तर त्याच दिवशी आपली हरकत ई-मेलने नोंदवणे शहाणपणाचे. सहा महिन्यांनी आठवलेल्या दबावावर कोणी सहजी विश्वास ठेवत नाही.

कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाने दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. ५० लाखांपर्यंतचे दावे तेथे चालतात, शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या उत्तरापासून वर्षभरात तक्रार करावी लागते. लोकपालाच्या निवाड्याची अंमलबजावणी ३० दिवसांत न केल्यास कंपनीने तक्रारदाराला दररोज ५ हजार रुपये द्यावेत, अशी तरतूद २०२४ पासून आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते. तेथे लागणारा काळ पाहता, पाच-पन्नास हजारांच्या फरकासाठी लोकपाल हाच व्यवहार्य पर्याय ठरतो.

हप्ता भरतानाचे तीन हजार

एवढे सगळे लढून झाल्यावरही हाती येणारी रक्कम आयडीव्हीच्या वर जाऊ शकत नाही. आणि आयडीव्ही ठरते ती नूतनीकरणाच्या दिवशी, संगणकाच्या पडद्यावर, दोन मिनिटांत. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट किंवा संकेतस्थळ किमतीचा आकडा खाली सरकवते आणि ग्राहक खुशीने 'ओके' करतो. आयडीव्ही एक लाखाने कमी केल्यास जुन्या दरपत्रकाच्या सुमारे ३ टक्के दराने पाहिले तरी हप्त्यात ३ हजारांच्या आसपास बचत होते. आजच्या सवलतींनंतर त्याहूनही कमी. त्या बदल्यात टोटल लॉसमध्ये पूर्ण एक लाख जातात. पाच वर्षांपुढील गाड्यांत तर ही किंमत ठरवण्यात ग्राहकाचा शब्द कंपनीइतकाच चालतो, पण तो उच्चारणारे विरळाच. पहिली काही वर्षे 'रिटर्न टू इन्व्हॉइस' हे जोडसंरक्षण घेतलेल्यांना बिलातील मूळ किंमत मिळते. कर्जावर गाडी घेतलेल्यांना त्याचे महत्त्व अधिक, कारण भरपाईचा धनादेश आधी बँकेकडे जातो. घसारा आणि कर्जफेड यांची गती सारखी नसते. सुरुवातीच्या वर्षांत उरलेले कर्ज आयडीव्हीपेक्षा जास्त असू शकते. म्हणजे गाडी गेली, भरपाई बँकेने घेतली आणि वर काही हप्तेही राहिले.

एक बाब उरते आणि ती पैशांच्या गडबडीत हमखास विसरली जाते. भंगार विकले, पण नोंदणी पुस्तिकेवर नाव मालकाचेच राहिले. मोडीत निघालेल्या गाडीचे कागद आणि चॅसिस क्रमांक चोरीच्या तशाच गाडीला चिकटवून ती रस्त्यावर आणण्याचे उद्योग पोलिसांना परिचित आहेत. अशा गाडीने उद्या कोणाला उडवले, तर नोटीस नोंदणीकृत मालकाच्या दारी येते. गाडी प्रत्यक्षात विकलेली असली तरी तृतीय पक्षाच्या दाव्यात नोंदणीकृत मालकच जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. गाडी कायमची निकामी झाल्यास मालकाने १४ दिवसांत प्रादेशिक परिवहन कार्यालयाला कळवावे आणि नोंदणी पुस्तिका रद्द करण्यासाठी सादर करावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते. नोंदणी रद्द झालेल्या भंगाराला भाव कमी येतो. म्हणूनच लिलावातील खरेदीदार 'आरसीसह' गाडी मागतो आणि त्या एका शब्दासाठी पंचवीस-तीस हजार जास्त मोजायला तयार असतो.